नंतर विचारणे

माझ्या अभ्यासिकेत खिडकीखालच्या टेबलावर एक जुना संगणक आहे. 1996 साली, भाषाविज्ञानातील पीएच.डी.चे काम चालू असताना, मी तो परभणीहून जुळवून आणला होता. त्या काळी जिंतूरसारख्या तालुक्याच्या गावी घरात संगणक असणे ही शेजाऱ्यापाजाऱ्यांनी येऊन पाहण्याची गोष्ट होती. पेंटियम जातीचा प्रोसेसर, आठ मेगाबाइट स्मृती आणि साडेआठशे मेगाबाइटची हार्ड डिस्क, एवढे त्याचे वैभव. आज माझ्या खिशातील फोन त्याच्या शेकडो पट साठवण घेऊन फिरतो. गेली पंधरा-सोळा वर्षे तो बंद होता. घरच्यांनी दोनदा तो भंगारवाल्याला दाखवला आणि दोन्ही वेळा मी 'असू द्या' एवढेच म्हणालो. का असू द्या, हे मात्र मी कुणाला सांगितले नव्हते आणि स्वतःलाही नीट विचारले नव्हते.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी अभ्यासकेंद्रावरचे संमंत्रण सत्र संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. ती मराठीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. दिवसा अंगणवाडीत काम, रात्री अभ्यास, असा तिचा क्रम. ती जरा संकोचून म्हणाली, "सर, तुम्ही खूप वर्षांपूर्वी आमच्या गावाला येत होतात म्हणे. माझ्या आजीचं बोलणं तुम्ही लिहून नेलं होतं, असं आई सांगते. ते आहे का अजून तुमच्याकडे?"

गावाचे नाव ऐकताच मला सारे आठवले. पूर्णेच्या काठचे, येलदरी धरणाच्या अलीकडचे ते गाव, लिंबाखालचा ओटा आणि त्यावर बसून हातातल्या कामाला खंड न पाडता बोलणारी आजी. मी उत्तर दिले, "आहे." मग थोडे थांबून म्हणालो, "असायला हवे."

प्राध्यापकाच्या तोंडी 'आहे' आणि 'असायला हवे' या दोन क्रियारूपांतील अंतर व्याकरणापुरते असते. त्या दिवशी ते मला फार मोठे वाटले.

1996 ते 1998 या काळात मी जिंतूर तालुक्यातील शेतीविषयक शब्दांचा संग्रह करीत होतो. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीला वाहिलेला सातवा खंड 1905 साली प्रसिद्ध झाला. परंतु निजामाचे हैदराबाद संस्थान त्या पाहणीच्या कक्षेत नव्हते आणि परभणी जिल्हा त्या वेळी त्याच संस्थानात होता. त्यामुळे आपल्या भागाच्या बोलीकडे त्या मोठ्या कामाची थेट नजर पडलीच नाही. पुढे जे काही करायचे ते आपणच, अशा तरुण वयातील ईर्ष्येने मी सायकलवरून आणि एसटीने गावोगाव हिंडलो. मोट जाऊन विजेचे पंप आले होते, खळ्यावर मळणीयंत्र आले होते. पण मोट हाकलेली आणि खळ्यात पात धरलेली माणसे अजून हयात होती. नाडा, सौंदर, कणा, धाव, थारोळे. पाचुंदा, सुडी, वावडी, मातेरे, सरवा. हे शब्द कोशांत मुळीच नाहीत असे नव्हे. मोल्सवर्थने आणि दाते-कर्व्यांनी असे शेकडो शब्द जपून ठेवले आहेत. माझ्या नोंदींत निराळी गोष्ट होती. तो शब्द कोण, कुणाला, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या वाक्यात म्हणते, हे मी टिपत होतो. अडीच हजारांच्या आसपास नोंदी झाल्या आणि त्यांतल्या सर्वांत जिवंत नोंदी त्या आजीच्या होत्या.

शेवटच्या भेटीत ती मला म्हणाली होती, "लेकरा, आमचं बोलणं पेटीत घालून नेतोस. वापस कधी देशील?" मी घरी संगणक आहे, त्यात सारे लिहून ठेवतो, पुस्तक करतो आणि पहिली प्रत तुम्हालाच आणून देतो, असे सांगितले. प्रबंध मान्य झाला, नोकरीत बढती मिळाली, संसार वाढला. पुस्तक झाले नाही. आजी गेल्याचे मला वर्षभराने कळले.

प्रबंधात निवडक तीनेकशे नोंदी तेवढ्या आल्या होत्या. मूळ कार्डे माळ्यावर वाळवीने खाल्ली. फ्लॉपींवर काढलेल्या नकला दोन-तीन पावसाळ्यांत बुरशीने पांढऱ्या पडल्या. उरला तो खिडकीखालचा संगणक, आणि त्यातील एक तबकडी.

मी संगणक पुसून चालू केला. पंखा घरघरला, पडद्यावर अक्षरे उमटली आणि दोन ओळींतच सारे थांबले. हार्ड डिस्क आहे, हेच त्याला ठाऊक नव्हते. तारीख तो 1980 सालातील दाखवीत होता. कारण साधे होते. संगणक बंद असतानाही आजची तारीख कोणती, आपल्याला काय काय जोडलेले आहे, तबकडीची मापे कोणती, या गोष्टी लक्षात ठेवण्यासाठी मुख्य पाटीवर रुपयाच्या नाण्याएवढी एक बॅटरी असते. ती केव्हाच संपली होती. तशी बॅटरी मला बसस्थानकाजवळ घड्याळे दुरुस्त करणाऱ्या दुकानदाराकडे मिळाली. 'सीआर 2032' हा तिचा क्रमांक. आजच्या संगणकातही बहुधा तीच असते. पंचवीस वर्षांत एवढी एकच वस्तू बदललेली नव्हती, याचे मला बरे वाटले.

बॅटरी बसली तरी विसरलेले परत आले नाही. बॅटरीमुळे स्मृती टिकते, उगवत नाही. तबकडीची मापे आता मला सांगावी लागणार होती.

इथे, विद्यार्थी मित्रहो, तबकडीवर मजकूर कसा ठेवलेला असतो ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. कडब्याची गंज रचणारा शेतकरी आठवा. पेंढ्या बांधल्या, पाच पेंढ्यांचा एक पाचुंदा झाला, ठरावीक पाचुंद्यांची एक सुडी झाली. आता 'दुसऱ्या सुडीतील चौथ्या पाचुंद्यातली तिसरी पेंढी' असे म्हटले की नेमकी एक पेंढी हाती येते. हार्ड डिस्कवरील प्रत्येक पेंढीत 512 बाइट असतात. तिला सेक्टर म्हणतात. पाचुंद्याच्या जागी हेड आणि सुडीच्या जागी सिलिंडर. कितवा सिलिंडर, कितवा हेड, कितवा सेक्टर, या तीन आकड्यांनी जुना संगणक आपला मजकूर मागतो. परंतु एका सुडीत किती पाचुंदे आणि एका पाचुंद्यात किती पेंढ्या, हे रचणाऱ्याने आणि मागणाऱ्याने सारखेच धरलेले असले पाहिजे. एकाने पाच धरले आणि दुसऱ्याने दहा, तर मागणी एका पेंढीची आणि हाती दुसरीच.

मी पेटीचे स्क्रू काढले, चाळीस तारांची पट्टी सोडवली आणि तबकडी बाहेर काढून तिच्यावरची चिठ्ठी वाचली. 1654 सिलिंडर, 16 हेड, 63 सेक्टर. गुणाकार केला: 16,67,232 सेक्टर, म्हणजे सुमारे 85 कोटी 36 लाख बाइट. माप जुळले. तबकडी पुन्हा जोडली, डिलीटची कळ दाबून मांडणीच्या पडद्यात शिरलो आणि तबकडी शोधण्याची आज्ञा दिली. संगणकाने ती शोधली आणि माझ्यासमोर तीन पर्याय ठेवले. एकात सिलिंडर 827 आणि हेड 32 असे आकडे होते. दुसऱ्यात 1654 आणि 16 होते, आणि त्यापुढे 'नॉर्मल' असे लिहिले होते. चिठ्ठीवरचे आकडे तेच होते. छापील मजकुरावर विश्वास ठेवण्यात माझी हयात गेली आहे. मी 'नॉर्मल' निवडला.

संगणक सुरू होता होता अडला. मग एक जुनी आरंभ-फ्लॉपी घालून तो चालू केला आणि तबकडीची यादी मागितली. पडद्यावर नावे आली. 'बोली', 'प्रबंध', 'पत्रे'. रोमन लिपीत, आठ अक्षरांच्या आत कोंबलेली, मी स्वतः दिलेली नावे. पंचवीस वर्षांनी ती पाहताना माझा हात थरथरला. मी 'बोली' उघडू पाहिली. 'सेक्टर नॉट फाउंड.' पुन्हा पाहिली, पुन्हा तेच. 'प्रबंध' उघडेना, 'पत्रे' उघडेना. अनुक्रमणिका आहे आणि पुस्तकाची पाने नाहीत, अशी अवस्था.

तबकडी तपासण्याचा एक कार्यक्रम फ्लॉपीवर होता. तो चालवला. त्याने चूक सापडल्याचे सांगितले आणि विचारले, दुरुस्त करू का? कळफलकावरचे माझे बोट 'होय'च्या दिशेने निघाले होते. एवढ्यात वीज गेली. भारनियमनाला मी आयुष्यभर नावे ठेवली आहेत. त्या दुपारी मात्र त्याने मला वाचवले. का, ते मला दोन दिवसांनी कळले.

गावातील एका दुरुस्तीवाल्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, तबकडी गेली, फॉरमॅट करा, नवी होईल. तबकडी नवी करून मला काय करायचे होते? मग माझा एक जुना विद्यार्थी आठवला. मराठीच्या वर्गात मागच्या बाकावर बसणारा तो मुलगा आता परभणीत संगणक दुरुस्त करतो. शनिवारी तो मोटारसायकलवर आला. येताना तबकडी नव्या संगणकाला लावण्याची एक जोडणी त्याने आणली होती. पण काही जुन्या तबकड्या अशा जोडणीला दाद देत नाहीत, तशी हिनेही दिली नाही. त्याने सारी हकिगत ऐकून घेतली आणि पहिला प्रश्न केला, "सर, काही लिहिलं का तिच्यावर? दुरुस्त करू का विचारलं तेव्हा हो म्हणालात?"

"नाही. वीज गेली."

"मग आहे सगळं," तो म्हणाला. "तबकडी चांगलीये. तुम्ही तिला चुकीच्या भाषेत विचारताय."

हे वाक्य मी वर्गात पन्नास वेळा वेगवेगळ्या शब्दांत सांगितले असेल. ते परत ऐकायला मला माझ्याच विद्यार्थ्यासमोर बसावे लागले.

त्याने मला जे समजावले ते असे. संगणकाच्या मूळ व्यवस्थेत सिलिंडरचा आकडा लिहायला दहा अंकस्थाने होती, म्हणून सिलिंडर 1024 पेक्षा जास्त मोजता येत नसत. हेड मात्र 256 पर्यंत चालत. या जातीच्या तबकडीच्या नियमांत उलट होते. तिथे सिलिंडर भरपूर चालत, पण हेड सोळाच. दोन्ही नियम स्वतंत्रपणे उदार होते. दोघांना एकत्र नांदायचे तर दोघांतले जे लहान ते स्वीकारावे लागे: 1024 सिलिंडर, 16 हेड, 63 सेक्टर. गुणाकार 52 कोटी 84 लाख बाइटवर थांबतो. माझी तबकडी त्याहून मोठी होती. 1994-95च्या सुमारास अशा मोठ्या तबकड्या बाजारात आल्या तेव्हा तंत्रज्ञांनी एक तोड काढली. सिलिंडर निम्मे सांगायचे आणि हेड दुप्पट. 1654 आणि 16 ऐवजी 827 आणि 32. एकूण सेक्टर तेवढेच राहतात आणि दोन्ही नियम पाळले जातात. या युक्तीला ते लोक जो शब्द वापरतात, त्याचा अर्थ मराठीत 'भाषांतर' असा होतो.

1996 साली परभणीच्या दुकानदाराने माझी तबकडी या भाषांतरित मापानेच मांडली होती. माझ्या साऱ्या नोंदी त्या मापाने रचल्या गेल्या. मी मात्र चिठ्ठीवरच्या मापाने त्या मागत होतो. नावे का दिसली, हेही मग उलगडले. एका सुडीत सोळा पाचुंदे धरा की बत्तीस, पहिल्या सुडीतील पहिले सोळा पाचुंदे दोन्ही हिशेबांत एकच असतात. नावांची यादी तबकडीच्या अगदी आरंभी असते, म्हणून ती त्या सोळांत आली. त्यापुढच्या मजकुरासाठी सतरावा पाचुंदा मागितला की नव्या हिशेबात तो अस्तित्वातच नव्हता. आणि मी दुरुस्तीला 'होय' म्हटले असते तर त्या कार्यक्रमाने आपल्या चुकीच्या मापाप्रमाणे बरोबर मजकुरात फेरफार केले असते. अज्ञानाने विचारलेला प्रश्न परत घेता येतो. अज्ञानाने केलेली दुरुस्ती परत घेता येत नाही.

मी त्याला विचारले, "पण खरे माप कोणते? चिठ्ठीवरचे की दुकानदाराचे?"

तो हसला. "सर, दोन्ही खरी नाहीत. या एवढ्याशा डबीत सोळा हेड बसतील तरी का? आत दोन-तीन चकत्या असतात. आणि बाहेरच्या मोठ्या वर्तुळात जास्त सेक्टर मावतात, आतल्या लहान वर्तुळात कमी. सगळीकडे त्रेसष्ट, हे नुसतं म्हणायचं. आत खरं काय आहे ते तबकडीचं तिलाच माहीत. आपण फक्त ठरलंय ते बोलायचं."

सोस्यूरचा चिन्हविचार शिकवताना शब्द आणि वस्तू यांचे नाते स्वाभाविक नसून संकेताचे असते, हे मी दरवर्षी 'झाड' या शब्दाचे उदाहरण देऊन सांगतो. झाडाच्या अंगी 'झाड' हा ध्वनी कुठेच नसतो. बोलणारा आणि ऐकणारा तो सारखा मानतात, एवढ्यावर व्यवहार चालतो. पुढच्या वर्षीपासून मी आणखी एक उदाहरण देणार आहे.

दुकानदाराने नेमके कोणते आकडे भरले होते, हे माझ्या स्मरणावर अवलंबून ठेवायला तो तयार नव्हता. त्याने तबकडीचा पहिला सेक्टर उघडून दाखवला. कोणत्याही मापाने मागितला तरी पहिला सेक्टर पहिलाच असतो. त्या 512 बाइटांच्या शेवटाजवळ 64 बाइटांचा एक तक्ता असतो. तबकडीचा कोणता भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे त्यात लिहिलेले असते. त्याने बोट ठेवले. शेवटचा हेड 31, शेवटचा सेक्टर 63. हेड शून्यापासून मोजतात आणि सेक्टर एकापासून, म्हणून 31 म्हणजे बत्तीस आणि 63 म्हणजे त्रेसष्टच. आपल्याकडे तळमजल्यानंतर पहिला मजला येतो, तसलाच हा प्रकार. रचणाऱ्याने आपले माप पहिल्याच पानावर लिहून ठेवले होते. मी चिठ्ठी वाचली, पान वाचले नाही.

महानुभाव वाङ्मयाचा घटक तुम्ही अभ्यासला आहे. त्या पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत उतरवून ठेवले. पोथ्या मठांमठांतून शतकानुशतके सुरक्षित राहिल्या आणि पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला मात्र त्या मुक्या होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला आणि मराठीच्या आरंभकाळातले केवढे तरी गद्य अभ्यासकांसमोर आले. त्या पोथ्या कधी हरवल्या नव्हत्या. त्यांना कसे विचारायचे, ते पंथाबाहेर कुणाला ठाऊक नव्हते.

आम्ही मांडणीच्या पडद्यात परत गेलो, 827 आणि 32चा पर्याय निवडला, बदल जतन केला. संगणक पुन्हा सुरू झाला आणि या वेळी अडला नाही. 'बोली' उघडली. आत बावीस फाइली होत्या.

त्यांतली पहिली उघडली तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, अवतरणचिन्हे, उलटे स्वल्पविराम यांची खिचडी आली. माझ्या विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. आता मात्र समजावण्याची पाळी माझी होती. त्या काळी संगणकात मराठी लिहिण्यासाठी सर्वांना मान्य असा एकच संकेत व्यवहारात रुळलेला नव्हता. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने भारतीय लिप्यांसाठी मोठे काम केले होते आणि 1991 साली 'इस्की' हे भारतीय मानकही ठरले होते. त्यात 'क'चा क्रमांक 179 आहे. त्याच वर्षी आलेल्या युनिकोडमध्ये तोच 'क' 2325 आहे. पण बाजारातील अनेक फॉन्ट या दोहोंपैकी काहीच न पाळता रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवीत. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर खिचडी. माझ्या मजकुराचा फॉन्ट त्याच संगणकात होता आणि ती लेखनप्रणाली चालायला छपाईयंत्राच्या जोडणीत एक लहानसे कुलूपयंत्र खोचावे लागे. ते मी टेबलाच्या खणात इतकी वर्षे का ठेवले होते, हे मला ठाऊक नाही. पण ते होते. त्यासाठीच हा जुना संगणक जसाच्या तसा चालू होणे आवश्यक होते.

कुलूपयंत्र खोचले, प्रणाली उघडली आणि देवनागरी अक्षरे उमटली. प्रणालीत मजकूर इस्कीमध्ये जतन करण्याची सोय होती. तसा जतन केला. बावीस फाइली एका फ्लॉपीत मावल्या. दोन वर्षांची पायपीट दीड मेगाबाइटही भरली नाही. विद्यार्थ्याने ती आपल्या संगणकावर उतरवून घेतली आणि पाठोपाठ तीन ठिकाणी तिच्या प्रती केल्या. "सर, आता तरी," एवढेच तो म्हणाला. पुढचे वाक्य त्याने आदरापोटी गिळले.

युनिकोडमध्ये रूपांतर करताना एक गंमत झाली. मराठीत 'र'ला अर्धा करण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्या अर्थ पालटतात. 'आचार्यांना' बोलावले तर प्रवचन होते, 'आचाऱ्यांना' बोलावले तर स्वयंपाक होतो. रूपांतर करणाऱ्या कार्यक्रमाला हा भेद ठाऊक नव्हता. त्यामुळे उपणणीच्या साऱ्या नोंदींत धान्य 'वाऱ्यावर' धरण्याऐवजी 'वार्यावर' धरले गेले. त्या चुका मी महिनाभर रोज रात्री हाताने दुरुस्त करीत बसलो. हे काम मला शिक्षेसारखे वाटले नाही. एकेक वाक्य वाचताना ओट्यावरचा तो आवाज परत ऐकू येत होता. धरणाखाली गेलेल्या माहेराच्या शिवाराची नावे तिने एका दमात सांगितली होती. ती सगळी नोंदींत होती.

महिनाअखेरीस मी 1,107व्या नोंदीपाशी आलो. शब्द: सौंदर. अर्थ: मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर, मोट वर येताना तो सोंड उचलून धरतो. वाक्य: 'नाडा हाये, पन सौंदर तुटलं.' पुढच्या रकान्यात माझ्याच शब्दांत लिहिले होते: 'मोटेविषयी नव्हे. स्वतःविषयी म्हणाल्या व हसल्या. लाक्षणिक अर्थ? नंतर विचारणे.'

तबकडीने प्रत्येक बाइट जसाच्या तसा परत दिला होता. मापांचे कुलूप निघाले, लिपीचे निघाले. तिसरे कुलूप मीच घातले होते आणि त्याची किल्ली जिच्याकडे होती तिला विचारायला मी गेलोच नव्हतो. वाक्यातला प्रत्येक शब्द मला कळत होता, वाक्य कळत नव्हते. रकान्यात तारीख होती. तिच्यानंतर आजी चार वर्षे हयात होती.

जानेवारीत मी नोंदींची छापील प्रत बांधून घेतली आणि येलदरीच्या गाडीने त्या गावी गेलो. लिंब होता, ओटा सिमेंटचा झाला होता. विद्यार्थिनीने प्रत हातात घेतली, चाळली आणि आईला मोठ्याने वाचून दाखवू लागली. आई चुलीजवळून उठून दाराशी येऊन बसली. काही वाक्यांना ती मान डोलावी, काहींना हसे, एकदा पदर डोळ्यांना लावला. ती म्हणाली, "असंच बोलायच्या सासूबाई. अगदी असंच."

मी 1,107वी नोंद काढून विचारले, "हे त्या कशाला म्हणत असत?"

ती पुष्कळ वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "शेवटी शेवटी नावं आठवंनात त्यांना. लेकीचं नाव, गावाचं नाव. माणूस समोर उभं राहिलं की वळखायच्या, पन नाव तोंडात येईना. तवा म्हनायच्या. पानी हिरीत हाये, बैलंबी वढतेत, पन थारोळ्यात पडंना. वाटंतच सांडतंय."

विद्यार्थिनी माझ्याकडे पाहत होती. मी खिशातून पेन काढले आणि त्या प्रतीत, माझ्या जुन्या प्रश्नचिन्हापुढे, तिच्या आईचे शब्द जसेच्या तसे लिहिले. शेजारी तारीख घातली. मग विद्यार्थिनीने माझ्या हातातून पेन घेतले आणि आणखी एका नोंदीखाली काही लिहू लागली. तिथे मी एका शब्दाचा अर्थ चुकीचा दिला होता, असे तिच्या आईचे म्हणणे होते.

निघताना ती म्हणाली, "सर, अशा 'नंतर विचारणे'च्या किती आहेत?"

मी मोजून ठेवल्या होत्या. एकोणचाळीस.

"आई आहे तोवर विचारून घेऊ," ती म्हणाली. तिने प्रत आतल्या फडताळात ठेवली नाही, दाराशीच ठेवली. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीने यायचे, असे आमचे ठरले.